गोट्यांची नदी : लेशच्या काठाने सात दिवस, फोर्मारिन ते फ्युसेन

आल्प्समधल्या बहुतेक मोठ्या नद्यांना दोन्ही काठांनी दगडी बांध घालून सरळ केलेलं आहे. ऑस्ट्रियातली लेश त्यातून बऱ्याच अंशी सुटली. तिरोल प्रांतातल्या तिच्या खोऱ्यात अजूनही अशी जागा आहे, की तिथे पात्र शंभर मीटरहून रुंद पसरतं, पाणी पाच-सहा धारांत फुटतं आणि पुढच्या पुरानंतर त्या धारा वेगळ्याच जागी सापडतात. या नदीच्या काठाने जाणारी लेशवेग ही 125 किलोमीटरची पायवाट 2012 साली सुरू झाली. फोरारलबेर्ग प्रांतातल्या फोर्मारिन सरोवरापासून निघून, तिरोलमधून जाऊन ती जर्मनीतल्या फ्युसेनला संपते. (जर्मन उच्चार 'लेश'. खोऱ्यातल्या लोकांच्या तोंडी तो 'लेख'च्या जवळ जातो, त्यामुळे बसमध्ये कान तसे तयार ठेवा.)

वाट सुरू होते सुमारे 1,800 मीटरवर आणि संपते 800 मीटरवर, म्हणून 'सगळा उतारच तर आहे' असं वाटतं. तसं नाही. नदी घळीत शिरली की वाट डोंगराच्या अंगावर चढते, मग पुन्हा खाली येते. सह्याद्रीत दिवसाला 18-20 किलोमीटर सॅकसकट चालण्याची सवय असेल त्याला सात दिवस पुरतात. नसेल तर आठ ठेवा आणि दुसरा दिवस वार्टला तोडा.

तयारीचं आधी

काळ जूनच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. त्याआधी वरच्या टप्प्यात बर्फाचे पट्टे शिल्लक असतात आणि सरोवराकडे जाणारी बसही उन्हाळ्याच्या हंगामातच धावते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस नेहमीचा, म्हणून निघायची वेळ साडेसात-आठ, आणि उंचावरचा भाग दुपारी दोनच्या आत मागे पडला पाहिजे.

मुक्काम गावातल्या गेस्टहाउसमध्ये. तिरोलमध्ये अधिकृत कॅम्पिंगची जागा सोडून तंबू ठोकायला कायद्याने बंदी आहे, आणि नदीकाठचा बराच भाग संरक्षित आहे. त्यामुळे तंबू, चूल, भांडी घरीच. सॅक 30 ते 35 लिटरची, पाण्यासकट 8 किलोच्या आत. त्यात दोन जोड कपडे, पावसाचं जाकीट आणि पॅन्ट, एक उबदार थर, पातळ हातमोजे (जुलैतसुद्धा), दीड लिटर पाणी, दोन काठ्या. बूट घोट्यापर्यंतचे आणि खोल नक्षीच्या तळव्याचे. पावसाळी ट्रेकला आपण वापरतो ते हलके, लवकर वाळणारे बूट खालच्या सपाटीवर चालतील. दुसऱ्या दिवशीच्या ओल्या मुळ्यांवर ते कमी पडतात.

व्हिसा शेंगेनचा, दोन्ही देशांना एकच. रात्री ऑस्ट्रियात जास्त पडतात, म्हणून प्रवासात फक्त हीच वाट असेल तर अर्ज ऑस्ट्रियाकडे करायचा. व्हिसासाठी घेतलेल्या विम्यात डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलून आणण्याचा खर्च धरलेला असतोच असं नाही, ते कलम वाचून घ्या. ऑस्ट्रियाच्या आल्पाइन क्लबचं वार्षिक सदस्यत्व घेतलं तर त्यात सुटकेचा खर्च 25,000 युरोपर्यंत मिळतो. आणीबाणीचा क्रमांक ऑस्ट्रियाच्या डोंगरात 140, युरोपभर 112. फोनला रेंज नसेल तर शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटाला सहा खुणा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा.

दिवस 1 : फोर्मारिन सरोवर ते लेश गाव, सुमारे 14 किमी

झ्युरिक-इन्सब्रुक मार्गावरच्या लांगेन आम आर्लबेर्ग स्टेशनला उतरून बसने लेश गाव. नदीचं आणि गावाचं नाव एकच आहे. तिथून दुसरी बस सरोवराच्या वरच्या कुरणापर्यंत नेते. हंगामात दिवसा या रस्त्यावर खासगी गाड्यांना बंधनं असतात, तेव्हा बसच धरावी, तीही सकाळची पहिली. आदल्या रात्री लेशमध्ये किंवा सरोवराच्या पलीकडच्या फ्रायबुर्गर हुट्टे या डोंगरी निवाऱ्यात मुक्काम केला तर हा दिवस निवांत जातो.

सरोवर 1,793 मीटरवर, मागे 2,704 मीटरची रोटे वांड, म्हणजे 'लाल भिंत'. तिच्यातल्या लाल चुनखडीच्या थरांवरून हे नाव. पाण्याकडे पाहताना एक गोष्ट लगेच ध्यानात येत नाही : सरोवरातून बाहेर जाणारा ओढाच दिसत नाही. चुनखडीच्या भेगांतून पाणी जमिनीत उतरतं आणि खाली झऱ्यांतून बाहेर पडतं. तिथून निघालेला फोर्मारिनबाख आणि बाजूच्या दरीतून येणारा श्पुलरबाख एकत्र आले की पुढच्या पाण्याला लेश म्हणतात.

वाट ओढ्याच्या सोबतीने कुरणांतून उतरते. इथेच खुणेची सवय करून घ्यायची : पांढरा, वळणदार 'एल'. दोन फाट्यांमध्ये तो दिसला नाही तर मागे फिरा, पुढे जाऊन शोधत बसू नका. कुरणात वासरांसकट गायी असतात. गाय मान खाली घालून फुसफुसली तर लांबून वळसा घ्या, वासराच्या आणि तिच्या मधून कधी जाऊ नका. फाटक उघडलं तर बंद करा. त्सूग हे छोटं गाव लागलं की लेश तासाभराच्या आत.

दिवस 2 : लेश ते श्टेग, सुमारे 22 किमी

सातही दिवसांत हा सगळ्यात कठीण. नदी इथे खोल घळीत शिरते आणि चालणाऱ्याला तिचा फक्त आवाज ऐकू येतो. वाट डोंगराच्या पोटातून आडवी जाते, वार्ट गाव (1,495 मीटर) येईपर्यंत चढ-उतार, मग लेशलाइटेनच्या वाडीवरून जंगलातून खाली श्टेगला (1,122 मीटर). चालण्याचे निव्वळ तास सात ते आठ.

अडचण येते ती वार्टनंतर. काही ठिकाणी वाट एका माणसापुरती, एका बाजूला तीव्र उतार, पायाखाली स्प्रूसच्या झाडांच्या उघड्या मुळ्या. पाऊस पडून गेला की मुळ्या साबणासारख्या होतात. पाय मुळीच्या लांबीच्या दिशेने टाकला की घसरतो. तो तिला आडवा आणि दोन मुळ्यांच्या मधल्या मातीत टाकायचा. काठ्यांचे पट्टे इथे मनगटातून काढून ठेवा, नाहीतर काठी अडकली की माणूसही ओढला जातो. बाजूच्या ओढ्यांनी वाट तोडली असेल तर तिथे तात्पुरत्या वळणाची पाटी लावलेली असते. ती पाटी खरी मानायची, फोनमधली जुनी रेघ नाही.

वार्टला पोचेपर्यंत दुपार झाली किंवा ढग काळवंडले तर पुढे न जाता बस घ्यावी, किंवा तिथेच मुक्काम. उरलेली वाट सकाळी करावी. त्यात काही कमीपणा नाही. एका दिवसात लेश-श्टेग ओढण्याचा हट्ट धरला तर उतार नेमका थकलेल्या गुडघ्यांवर येतो.

ही सगळी गावं वाल्झर लोकांची. 14व्या शतकात स्वित्झर्लंडच्या वालिस भागातून आलेल्या या लोकांनी इतरांना नकोशा वाटणाऱ्या उंचावरच्या जमिनी कसल्या. गर्द लाकडाची, तीव्र उतारावर एकेकटी उभी घरं ही त्यांची ओळख. लेशलाइटेनला आपण फोरारलबेर्ग सोडून तिरोलमध्ये आलेलो असतो.

दिवस 3 : श्टेग ते एल्बिगेनआल्प, सुमारे 18 किमी

घळ संपली, दरी उघडली, आणि पहिल्यांदा नदी हाताच्या अंतरावर आली. होल्त्सगाउला घरांच्या भिंतींवर खांब, खिडक्यांच्या चौकटी, संतांची चित्रं असं सगळं रंगवलेलं आहे. 18व्या शतकात या खोऱ्यातल्या व्यापाऱ्यांनी बाहेर जाऊन पैसा मिळवला आणि तो भिंतींवर दिसतो. त्याच खोऱ्यातल्या गरीब घरांची मुलं मात्र 20व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दर वसंतात डोंगर ओलांडून जर्मनीतल्या श्वाबेनमध्ये शेतांवर मजुरीला जात. रंगीत भिंती पाहताना ही दुसरी बाजूही माहीत असावी.

गावावरचा झुलता पूल 200 मीटर लांब आणि घळीच्या तळापासून शंभर मीटरहून उंच. चालताना हलतो. उंचीची भीती असेल तर घळीतून खालून जाणारी वाट आहे, ती निवडा. पूल टाळला म्हणून लेशवेग अपुरी राहत नाही. त्या घळीत सिम्स धबधबा आहे. मोटारगाड्यांच्या सुरुवातीच्या काळातला इंग्रज उद्योजक फ्रेडरिक रिचर्ड सिम्स याचं नाव त्याला आहे.

एल्बिगेनआल्पला लाकडावरच्या कोरीवकामाची शाळा आहे. चर्चशेजारच्या सेंट मार्टिनच्या छोट्या चॅपेलमध्ये आंटोन फाल्गर (1791-1876) याने रंगवलेलं मृत्यूचं नृत्य आहे : राजा, भिक्षेकरी, म्हातारा, बाळ, प्रत्येकाचा हात हाडांच्या सापळ्याने धरलेला. आना श्टाइनर-क्निटेल (1841-1915) ही चित्रकारही इथलीच. तरुणपणी दोराने कड्यावर उतरून तिने गरुडाचं घरटं रिकामं केलं होतं, आणि त्या काळात बाईमाणसाने असं करणं म्हणजे खोऱ्याबाहेरही गाजणारी गोष्ट होती. पुढे ती चित्रांवर पोट भरत जगली. मला वाटतं त्यासाठी लागलेली हिंमत दोरापेक्षा कमी नव्हती.

जेवणाबद्दल इथेच सांगतो. शाकाहारी माणसाला केझेश्पेत्सले (चीज घातलेले पिठाचे छोटे गोळे, वर तळलेला कांदा) सगळीकडे मिळतं. चीज घालून दाबलेल्या ब्रेडच्या वड्याचं सूपही शाकाहारी वाटतं, पण त्यातला रस्सा बहुतेक वेळा गोमांसाच्या हाडांचा असतो. विचारूनच घ्या. कोबी-बटाट्याच्या पदार्थात बेकनचे तुकडे न सांगता येतात. किराणा दुकानं रविवारी बंद, छोट्या गावांत दुपारीही बंद. म्हणून शनिवारी संध्याकाळी ब्रेड, चीज, सफरचंद, सुकामेवा असं दीड दिवसाचं सॅकमध्ये हवं. काही ठिकाणी कार्ड चालत नाही, शंभर-दीडशे युरो सुटे जवळ ठेवा.

दिवस 4 : एल्बिगेनआल्प ते श्टान्त्साख, सुमारे 21 किमी

अंतर जास्त, चढ कमी. हेझेलगेरजवळच्या डोझर धबधब्याबद्दल खोऱ्यात म्हणतात, की तो सेंट जॉर्जच्या दिवशी (23 एप्रिल) सुरू होतो आणि सेंट मार्टिनच्या दिवशी (11 नोव्हेंबर) थांबतो. तारखांचा काटेकोरपणा सोडा. डोंगराच्या पोटातलं पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढल्यावरच बाहेर पडतं, एवढं मात्र खरं. पहिल्या दिवशी सरोवराने जी चुनखडी दाखवली, तीच इथेही आहे.

एल्मेनच्या पुढे मार्टिनाउ. इथे नदीकाठच्या विरळ पाइनच्या रानात लेडीज स्लिपर हे ऑर्किड हजारोंनी फुलतं, पिवळा फुगीर जोडा आणि तपकिरी पाकळ्या. फुलायचा काळ मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. त्यासाठी आलात तर वरच्या दोन टप्प्यांत बर्फ असेल, तेव्हा हा भाग स्वतंत्र करावा. आखून दिलेल्या फळ्यांवरून एक पाऊलही बाहेर टाकू नका. बीज रुजल्यापासून फूल यायला या ऑर्किडला अनेक वर्षं लागतात आणि मातीतल्या बुरशीशिवाय ते रुजतच नाही. पायाने दाबलेल्या मातीत ती साखळी तुटते.

गोचिडी या गवताळ पट्ट्यात असतात. संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत बघून घ्या. चिमट्याने त्वचेला चिकटून धरायची आणि सरळ वर ओढायची, तेल-तूप लावायचं नाही. गोचिडीतून होणाऱ्या मेंदूज्वराची लस असते, पण तिचे पहिले दोन डोस काही आठवडे अंतराने घ्यावे लागतात. डॉक्टरांशी निघायच्या तीन महिने आधी बोलावं.

दिवस 5 : श्टान्त्साख ते वाइसेनबाख, सुमारे 15 किमी

अंतर मुद्दाम कमी ठेवलं आहे. आपण आलो ते हा पट्टा बघायला. घाई करायची नाही.

फोरखाखला 1906 सालचा लाकडी फळ्यांचा झुलता पूल आहे. त्याच्या मध्यावर उभं राहून वरच्या अंगाला बघा. पांढरट करड्या गोट्यांचं मैदान, त्यातून निळसर हिरव्या धारा वेणीच्या पेडांसारख्या एकमेकींत मिसळतात आणि पुन्हा सुटतात. मध्ये बेटं : काही उघडी, काही झुडपांची, काही मोठ्या झाडांची. बेटावरची झाडी किती जुनी, यावरून शेवटचा मोठा पूर तिथे किती वर्षांपूर्वी फिरला ते कळतं. पाण्याला दुधाळ झाक येते ती दगड एकमेकांवर घासून झालेल्या बारीक चुऱ्यामुळे.

नदी अशी का राहते, याचं उत्तर बाजूच्या ओढ्यांत आहे. इथले डोंगर डोलोमाइटचे. हा खडक पाणी-बर्फाच्या खेळात तुकड्यांत फुटतो आणि होर्नबाख, श्वार्त्सवासरबाख यांसारखे ओढे तो ढीगच्या ढीग नदीत आणून टाकतात. पाण्याला उचलता येतात त्यापेक्षा जास्त गोटे आले की नदी ते टाकत जाते, स्वतःचीच वाट अडवते आणि बाजूने नवी काढते. म्हणून धारा अनेक. आता उलट बघा : काठ बांधून पात्र अरुंद केलं आणि ओढ्यांवर गोटे अडवणारे बंधारे घातले, तर नदी भुकेली होते आणि स्वतःचा तळ खणायला लागते. तळ खाली गेला की काठाखालची भूजलपातळी खाली जाते, विहिरी उतरतात, काठचं ओलं रान वाळतं, पुलांचे पाये उघडे पडतात. लेशवरही हेच व्हायला लागलं होतं. 2001 ते 2007 या काळात युरोपियन युनियनच्या मदतीने झालेल्या प्रकल्पात जुने काठ मागे घेतले, पात्र रुंद केलं आणि ओढ्यांवरचे बंधारे असे बदलले, की गोटे पुन्हा खाली येतील. नदीला पाणी सोडण्याची मागणी आपल्याकडेही होते. नदीला दगड सोडावे लागतात, हे मात्र इथे येऊन डोळ्यांनी बघावं. वाळूउपशाने तळ खरवडलेल्या आपल्या नद्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा पूल नक्की आवडेल.

गोट्यांवर वाढणारं एक झुडूप ओळखायला शिका : खवल्यांसारखी बारीक निळसर पानं, टोकाला फिकट गुलाबी तुरे. ही जर्मन टॅमरिस्क. आपल्याकडे नदीपात्रात दिसणाऱ्या झाऊच्याच कुळातली. तिचं बी काही आठवडेच जिवंत राहतं आणि त्याला रुजायला ताजी उघडी, ओलसर वाळू लागते. पूर आला नाही तर विलोची झाडं तिला झाकून टाकतात. जास्त आला तर तीच वाहून जाते. म्हणजे तिला अधूनमधून मोडणारी आणि नवं अंगण करून देणारी नदीच हवी. आल्प्समधल्या बांधलेल्या नद्यांवरून ती जवळपास नाहीशी झाली, त्याचं कारण हेच.

आता नियम. एप्रिल ते जुलै गोट्यांच्या बेटांवर उतरायचं नाही. लहान कंठेरी चिखल्या उघड्या गोट्यांतच अंडी घालतो आणि अंडी अगदी गोट्यांसारखी दिसतात. बूट पडल्यावरच कळतं. माणूस जवळ थांबला तर पक्षी उठून दूर जातो आणि उन्हात अंडी तापतात. पाटी नसली तरी काठावरूनच बघा. आणि कुठल्याही महिन्यात धार ओलांडून बेटावर जाऊ नका. वर डोंगरात ढग फुटला तर इथे ऊन असतानाच पाणी चढतं. घाटमाथ्यावर कोसळलं की खालच्या कोरड्या ओढ्याला अचानक लोंढा येतो, तेच हे, फक्त पाणी बर्फाचं. पाणी गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या, की लगेच काठ गाठा.

दिवस 6 : वाइसेनबाख ते फ्लाख, सुमारे 16 किमी

वाट नदी सोडून रॉयटेच्या अंगच्या गावांमागून, फ्राउएनझे तळ्यावरून जाते. रॉयटे हे या भागातलं मोठं गाव : औषधाचं दुकान, बुटांचं दुकान, रेल्वे. फोड फुगले असतील तर इथे पट्ट्या भरून घ्या. वेळ असेल तर जवळच्या एरेनबेर्ग किल्ल्याकडचा 2014 सालचा झुलता पूल बघता येतो : 406 मीटर लांब, 114 मीटर उंच, खाली महामार्ग, पायाखाली जाळी. तिकीट आहे. होल्त्सगाउचा पूल आवडला असेल त्याने जावं. फ्लाखजवळ नदीकाठच्या ओल्या रानात पक्षी बघायचा मनोरा आहे. संध्याकाळ तिथे घालवणं मला जास्त पसंत.

दिवस 7 : फ्लाख ते फ्युसेन, सुमारे 19 किमी

पिन्सवांगहून 'फ्युर्स्टेनश्ट्रासे' या राजेलोकांच्या जुन्या रस्त्याने जंगलातून हलका चढ, आणि वाटेत कुठेतरी सीमा ओलांडून जर्मनी. पासपोर्ट मात्र सॅकच्या तळाशी नको. खाली आल्पझे सरोवर आणि होहेनश्वांगाउ. सहा दिवसांच्या शांततेनंतर इथली गर्दी अंगावर येते. नॉयश्वानश्टाइन हा बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याचा वाडा वरच दिसतो. बांधकाम 1869 मध्ये सुरू झालं, 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला. युरोप सहलीच्या बसमधून आलेली मराठी मंडळी इथे हमखास भेटतात. आतून बघायचा असेल तर ठरावीक वेळेचं तिकीट आधी काढा, आणि ती वेळ चालण्याच्या दिवसाची ठेवू नका.

श्वानझेच्या काठाने, काल्व्हारियनबेर्गची शेवटची टेकडी चढून उतरलं की लेशफाल. बारा मीटरची पायऱ्यापायऱ्यांची ही झेप नैसर्गिक दिसते, पण पाणी पडतं ते 18व्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या बंधाऱ्यावरून. त्यावरच्या पादचारी पुलावर लेशवेग संपते. इथून पुढे थोडी अरुंद घळ, मग फोर्गेनझे, 1954 साली पूर्ण झालेला जलाशय. डोलोमाइटचे जे गोटे फोरखाखला मोकळे फिरताना पाहिले, त्यांचा प्रवास त्या संथ पाण्याच्या तोंडाशी थांबतो. त्याच्या खाली डॅन्यूबपर्यंत लेशवर एकामागून एक वीजप्रकल्प आहेत.

लेशफालपासून फ्युसेन स्टेशन पायी वीस-पंचवीस मिनिटं. म्युनिकची गाडी साधारण तासाला एक, प्रवास दोन तासांचा, जर्मनीचं मासिक प्रादेशिक तिकीट चालतं. लेशला गाडी ठेवली असेल तर उलटा प्रवास बसने रॉयटे, श्टेग, वार्ट असा बदलत होतो. शेवटची जोड दुपारीच सुटते, म्हणून त्या रात्री फ्युसेनलाच राहून सकाळी निघावं.